लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे

हातीं असलेल्या कामांत मन रमत नाहीं, दुसऱ्याच कामाची ओढ लागली आहे, परंतु तिकडे जाण्यास शिक्षण नाहीं, पैसा नाहीं, कोणाची ओळखही नाहीं, अशी स्थिति आमच्या कित्येक वाचकांची असेल. अशाच स्थितींतून वर आलेल्या मायकेल फॅरडे ह्याचें चरित्र आम्ही आज थोडक्यांत सांगणार आहों.

मायकेलचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडन शहरालगत न्यूइंग्टन बट्स येथें झाला. त्याचा बाप लोहार. तो वारंवार आजारी पडे, म्हणून घरांत नेहमी ओढाताण असे. सन १८०१ त धान्य फार महागलें, तेव्हां मायकेलच्या वांट्यास आठवड्याला एक पाव येई व तोच त्याला सात दिवस पुरवावा लागे. लिहिणें, वाचणें व थोडा हिशेब, इतकीच काय ती त्याची शाळा.

सन १८०४ त तो जॉर्ज रिबो नांवाच्या गृहस्थांकडे पोऱ्या म्हणून राहिला. रिबो हे पुस्तकें विकीत व बांधीतही असत. वर्तमानपत्रें त्या काळीं महाग, म्हणून तींच घरोघर पाळीपाळीनें वाचावयास देत. तीं नेऊन देणें व वेळेवर परत आणणें हें मायकेलचें काम. काम क्षुल्लक खरें. पण एका घरीं खोळंबा झाला कीं पुढल्या घरचें गिऱ्हाईक रागावणारच. वर्षभरानें रिबो ह्यांनीं त्याला सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतलें. अशा वेळीं मुलाच्या घरच्यांनीं धन्याकडे रक्कम भरण्याची तिकडे चाल होती. परंतु मायकेलच्या इमानी चाकरीकडे पाहून रिबो ह्यांनीं ती माफ केली. त्याच्या चोख वागणुकीची ही पहिली कमाई, असें आम्ही समजतों.

बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचूंही लागला. विश्वकोशांतील विजेवरील लेखानें व मार्सेट बाईंच्या रसायनशास्त्रावरील पुस्तकानें त्याचें मन वेधून घेतलें. वाचलेलें स्वतः करून पाहिल्यावांचून त्याला चैन पडेना; तेव्हां थोडेथोडे पैसे वांचवून तो लहानसहान प्रयोग करी. शहरांत टेटम नांवाचे गृहस्थ शास्त्रीय विषयांवर व्याख्यानें देत, दर व्याख्यानास एक शिलिंग. तो शिलिंग त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट ऐरणीवर घाम गाळून मिळवी व धाकट्यास देई. थोरांच्या चरित्रांत अशा भावांना दोन ओळीही मिळत नाहींत, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

ऐकलेलें सर्व मायकेल स्वच्छ अक्षरांत लिही, आकृत्या काढी आणि त्याच्या वह्या स्वतःच बांधी. रिबो त्या कौतुकानें गिऱ्हाइकांस दाखवीत. त्यांपैकीं डान्स नांवाच्या गृहस्थांनीं त्याला सन १८१२ त सर हंफ्री डेव्ही ह्यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. डेव्ही हे रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेंतील नामांकित रसायनशास्त्री. त्याच वर्षीं उमेदवारी संपून मायकेल दुसऱ्या धन्याकडे कारागीर झाला. हा धनी तापट होता, व धंद्यांत मन तर आधींच उरलें नव्हतें. त्यानें रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस अर्ज केला, त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. तेव्हां त्यानें डेव्हींच्या व्याख्यानांचें सुंदर बांधलेलें टिपण खुद्द त्यांच्याकडेच पाठविलें. शिफारसपत्र नव्हतें, वहीच बोलली.

डेव्हींनीं त्याला भेटीस बोलाविलें, पण जागा नाहीं, हातचा धंदा सोडूं नको, असाच सल्ला दिला. कांहीं आठवड्यांनीं प्रयोगशाळेंतील मदतनिसानें मारामारी केली, त्याला काढून टाकण्यांत आलें, आणि डेव्हींना त्या वहीवाल्याची आठवण झाली. ता. १ मार्च १८१३ रोजीं मायकेलची नेमणूक झाली: आठवड्यास २५ शिलिंग, माडीवर दोन खोल्या, कोळसा व मेणबत्त्या. काम म्हणजे उपकरणें धुणें, पुसणें, मांडून ठेवणें. त्याच वर्षीं डेव्हींबरोबर तो युरोपच्या प्रवासास गेला. तेथें त्याला खासगी नोकराचीं कामेंही करावीं लागलीं व डेव्हींच्या पत्नीनें त्याला हलकें लेखिलें. परत फिरावें असें त्याच्या मनांत आलें. तरी तो राहिला, आणि त्या प्रवासांत फ्रेंच व इटालियन भाषा शिकला.

खरी कसोटी पुढेंच होती. सप्टेंबर १८२१ त लोहचुंबकाभोंवतीं विजेची तार फिरत राहते, असें फॅरडेनें करून दाखविलें. त्याआधीं डेव्ही व वुलस्टन ह्यांनीं निराळ्या रीतीनें तार फिरविण्याची खटपट केली होती, ती फसली होती. फॅरडेनें आपला लेख छापतांना वुलस्टन ह्यांचा उल्लेख केला नाहीं. लागलीच त्यानें दुसऱ्याची कल्पना चोरली अशी कुजबुज उठली. आयुष्यभर जोडलेलें नांव एका महिन्यांत जाण्याची वेळ आली! त्यानें कुजबुजणाऱ्यांशीं वाद घातला नाहीं. वुलस्टन ह्यांनाच पत्र लिहून भेट मागितली. वुलस्टन ह्यांनीं राग धरला नाहीं. ते प्रयोगशाळेंत येऊन प्रयोग पाहूं लागले. पुढें सन १८२३ त रॉयल सोसायटीचा सभासद होण्यास फॅरडेचें नांव आलें, तेव्हां स्वतः डेव्हींनींच, अध्यक्ष असतां, विरोध केला. शेवटीं एकच मत विरुद्ध पडून तो निवडला गेला. तरीही डेव्हींनीं आपणास प्रथम हात दिला, हें तो विसरला नाहीं.

सन १८३१ त चुंबकाच्या हालचालीनें तारेंत वीज उत्पन्न होते, हा त्याचा सर्वांत मोठा शोध लागला. आज गांवोगांवीं जी वीज येते, तिचा बहुतेक भाग त्याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रांतून येतो. त्यापूर्वी कारखानदारांसाठीं तपासण्या करून त्याला एका वर्षांत हजार पौंडांवर प्राप्ति झाली होती. संस्थेचा पगार शंभर पौंड व राहावयास जागा. शोधांस वेळ मिळावा म्हणून त्यानें तीं बाहेरचीं कामें बहुतेक सोडून दिलीं. पत्नी सारा हिनें ह्याबद्दल कुरकुर केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. ज्या लहानशा मंडळींत त्याचा बाप होता, तींतच तो १८४० त वडील झाला. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्यानें दोनदां नाकारिलें.

ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें खुर्चींत बसल्या बसल्या त्याचा प्राण गेला. हायगेटच्या स्मशानभूमींत त्याच्या साध्या दगडावर नांव आणि जन्ममृत्यूच्या तारखा कोरल्या आहेत.