वैद्य जीवक : उकिरड्यावरचे मूल ते तथागतांचे वैद्य

आपल्या कन्नड तालुक्यातील पितळखोरा लेणी पाहायला गेलेले बहुतेक जण दगडातले हत्ती आणि द्वारपाल पाहून परततात. तिथल्या ब्राह्मी दानलेखांकडे फारसे कोणी पाहत नाही. त्या लेखांत मगिल नावाच्या एका राजवैद्याचे नाव आहे. त्याच्या मुलाचे आणि मुलीचे दानही तिथे नोंदलेले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातमाळ्याच्या डोंगरात वैद्याचे एक कुटुंब संघाला दान देत होते. संघ आणि वैद्य यांचे नाते त्याहूनही काही शतके जुने आहे. त्या नात्यातले पहिले मोठे नाव म्हणजे जीवक.

जीवकाची हकीकत विनयपिटकाच्या महावग्गात येते. राजगृहातील सालवती नावाच्या गणिकेच्या पोटी तो जन्मला आणि जन्मताच उकिरड्यावर टाकला गेला. राजपुत्र अभयाने ते मूल पाहिले. ते जिवंत आहे असे कळले, म्हणून त्याचे नाव जीवक ठेवले आणि त्याला वाढवले. ज्याला ना कुळ ना गोत, असा हा मुलगा पोटापाण्याची विद्या शिकायला तक्षशिलेला गेला. तिथे तो सात वर्षे वैद्यक शिकला.

शेवटी गुरूंनी परीक्षा घेतली. तक्षशिलेच्या भोवती एक योजन फिरून जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये, असे सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि उत्तीर्ण झाला. ही गोष्ट आपल्याकडे वारंवार सांगितली जाते, पण अर्धीच. प्रत्येक झाड औषध आहे एवढे ऐकून आपण थांबतो. ते ओळखायला जीवकाला सात वर्षे शिकावे लागले, हे विसरतो.

पुढची हकीकत तर त्याहून कमी सांगितली जाते. साकेतच्या श्रेष्ठीपत्नीची सात वर्षांची डोकेदुखी त्याने औषधी तूप नाकातून देऊन बरी केली. बिंबिसार राजाचे भगंदर लेपाने बरे केले. पण राजगृहाच्या एका श्रेष्ठीला वैद्यांनी टाकून दिले होते, तेव्हा जीवकाने लेप लावत वेळ घालवला नाही. त्याने डोक्याची शस्त्रक्रिया केली. वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राच्या आतड्याला पीळ पडला होता, तिथे पोट उघडले. जिथे झाडपाला पुरेल तिथे झाडपाला, जिथे शस्त्र लागेल तिथे शस्त्र. निर्णय आजार पाहून व्हायचा.

हा माणूस तथागतांचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य झाला. राजगृहातले आपले आम्रवन त्याने संघाला दिले. पित्याच्या हत्येने अस्वस्थ झालेल्या अजातशत्रूला तथागतांकडे नेणाराही तोच. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

धम्माबरोबर जीवकाचे नाव चीनलाही गेले. सातव्या शतकातील मोठे चिनी वैद्य सन सिमियाओ यांनी आपल्या ग्रंथात त्याचा आधार घेत, जगातली प्रत्येक वस्तू औषध आहे हे तत्त्व मांडले. आज चीनमधील रुग्णालयांत कॅन्सरच्या रुग्णांना केमोथेरपीबरोबर पारंपरिक वनौषधीही दिल्या जातात. मळमळ, थकवा, भूक न लागणे असे त्रास कमी व्हावेत हा त्यामागचा एक मोठा हेतू असतो.

त्याच चीनच्या नावाने आपल्या वस्त्यांत काय विकले जाते, ते आम्ही पाहतो. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी दोन केमो झाल्यावर दवाखाना सोडला. चेन मार्केटिंगवाल्याने दिलेल्या चिनी मशरूमच्या कॅप्सूल त्या घेत राहिल्या. सहा महिन्यांनी परत दवाखान्यात गेल्या तेव्हा आजार पसरला होता. एकट्या मशरूमने कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही. हे त्यांना वेळेवर सांगायला हवे होते. ते आम्ही सांगितले नाही, ही आमचीही चूक.

वनस्पतीपासून कॅन्सरचे औषध होतच नाही, असे मात्र नाही. चीनमध्ये 'शी शू' नावाचे झाड आहे. त्यातील कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य 1966 साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी वेगळे केले. वाणी हे आपल्या शेजारच्या खानदेशातील नंदुरबारचे. मूळ द्रव्याच्या चाचण्या दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून, मात्रा ठरवून, पुन्हा चाचण्या करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे 1996 पर्यंत वापरात आली. हेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे. पण म्हणून नरक्याची साल उकळून पिणे म्हणजे उपचार नव्हे, विषाशी खेळ आहे. झाड आणि औषध यांच्यामध्ये तीस वर्षांची तपासणी उभी आहे. जीवकाची सात वर्षे आणि ही तीस वर्षे एकाच वृत्तीची आहेत.

महावग्गातला एक तपशील कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. राजगृहाच्या त्या श्रेष्ठीला जीवकाने एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहायला सांगितले होते. प्रत्येक वेळी सात दिवसांतच त्याचा धीर सुटला. एकवीस दिवसांत तो बरा होणार हे जीवकाला आधीच ठाऊक होते. इतकी मोठी मुदत घातली नसती तर तो एवढेही पडून राहिला नसता. रुग्णाचा धीर मध्येच सुटतो, हे त्या वैद्याने ओळखले होते.

आपल्या वस्तीतला रुग्णही असाच मध्येच सुटतो. कधी पैशांमुळे, कधी भीतीमुळे, कधी छत्रपती संभाजीनगरला सोबत यायला कोणी नसते म्हणून. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद जमवून देणे, केमोच्या दिवशी एसटीत शेजारी बसणे, घरात चालू असलेला काढा किंवा कॅप्सूल डॉक्टरांना न लपवता दाखवायला लावणे, हे काम आपण करू शकतो. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुऊन स्वच्छ केले, ही नोंदही महावग्गाच्या त्याच खंधकात आहे. वैद्य होणे सगळ्यांना जमणार नाही, शुश्रूषा करणे जमेल.

पुढच्या वेळी पितळखोऱ्याला जाल तेव्हा मगिल वैद्याचे नाव शोधा. आणि येताना वस्तीतल्या त्या एका घरी डोकवा, जिथे पुढची केमो राहिली आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.