कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूर शहराच्या कडेने वाहणारी पंचगंगा पुढे नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. तेथील विस्तीर्ण घाट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. भर दुपारी त्या घाटावर उभे राहिले, तर संगमाचे पाणी चांदीच्या पत्र्यासारखे चमकते, भाविकांची पांढरी वस्त्रे डोळे दिपवितात, दगडी पायऱ्या मात्र काळ्याभोर दिसतात. शेजारीच औदुंबराची गर्द छाया पसरलेली असते. माणसाच्या डोळ्याला हे सारे एकाच वेळी नीट दिसते. कॅमेऱ्याला ते साधत नाही. भिंगामागील छिद्र मोठे ठेवून अधिक प्रकाश आत घेतला, तर पाणी व वस्त्रे यांचा नुसता पांढरा डाग उमटतो. छिद्र लहान केले, तर झाडाखालची माणसे अंधारात बुडून जातात.

हिमालयातील बर्फाचे चित्र घेताना ही अडचण अधिकच वाढते. तेथे जिकडेतिकडे लखलखीत पांढरेपणा आणि मध्येच एखादा काळा कडा! आजचे कॅमेरे प्रकाशाचे माप स्वतः घेतात. पण समोरचे दृश्य साधारण मध्यम उजेडाचे आहे, असे गृहीत धरूनच ते हिशेब करतात. त्यामुळे बर्फाचे पांढरेशुभ्र मैदान चित्रात राखेसारखे मळकट उतरते. मग जाणता छायाचित्रकार यंत्राचा हिशेब बाजूला ठेवून त्याच्या दुप्पट, कधी चौपट प्रकाश आत घेतो, आणि बर्फ पुन्हा शुभ्र होते. पांढरे कोणते आणि काळे कोणते, हे यंत्राला कळत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

ज्या काळी प्रकाश मोजणारे साधन हाताशी नव्हते, इतकेच नव्हे तर कॅमेराही मिळत नव्हता, त्या काळी केवळ आपल्या डोळ्याच्या आणि हातांच्या बळावर ही विद्या हस्तगत करणारा एक थोर पुरुष याच पंचगंगेच्या काठी होऊन गेला. त्याचे नाव बाबूराव पेंटर.

बाबूरावांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. घराण्यात कारागिरी पिढीजात होती. वडिलांच्या हाताखाली लाकूड, धातू आणि हत्यारे यांच्याशी त्यांचा बालपणीच परिचय झाला. चित्रकलेच्या कोणत्याही विद्यालयात ते गेले नाहीत. पाहावे, करून पाहावे आणि चुकले तर पुन्हा करावे, हीच त्यांची शाळा. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हेही त्यांच्यासारखेच हरहुन्नरी होते. दोघांनी मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचा व्यवसाय आरंभिला, आणि पाहता पाहता मेस्त्री हे नाव मागे पडून पेंटर हेच त्यांचे आडनाव झाले.

पडदा म्हणजे सपाट कापड. त्यावर राजवाडा, अरण्य किंवा नदी काढायची, आणि प्रेक्षकाला ती खरी वाटली पाहिजे. हे साधते ते केवळ छायाप्रकाशाने. उजेड कोठून येतो, खांबाची कोणती बाजू उजळ असेल, सावली कोठे दाट आणि कोठे विरळ होईल, याचा विचार बाबूराव वर्षानुवर्षे करीत राहिले. हाच अभ्यास त्यांना पुढे कॅमेऱ्यामागे उपयोगी पडणार होता.

1913 साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट प्रदर्शित झाला. हलणारी चित्रे पाहून दोघा भावांच्या मनाने घेतले, की आपणही चित्रपट काढावयाचा. पण त्यासाठी कॅमेरा हवा. तो परदेशातून आणावा लागे आणि त्याची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. शिवाय 1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. तेव्हा दोघांनी एक विलक्षण निश्चय केला : कॅमेरा आपणच बनवावयाचा!

चित्रपट दाखविण्याचे एक जुने यंत्र त्यांनी मुंबईहून मिळविले होते. त्याच्या रचनेवरून कॅमेऱ्याची रचना ताडून पाहण्याचा उद्योग सुरू झाला. हे काम किती नाजूक होते पाहा. कॅमेऱ्याचा दांडा फिरविला, की आतील फिल्म एका चित्राइतकी पुढे सरकली पाहिजे, क्षणभर अगदी स्थिर राहिली पाहिजे, त्याच क्षणी झडप उघडून प्रकाश आत आला पाहिजे, आणि झडप मिटताच फिल्म पुन्हा पुढे सरकली पाहिजे. हे एका सेकंदात सुमारे 16 वेळा घडावयाचे. दात्यात केसभर फरक पडला, तरी चित्र थरथरू लागे.

यंत्र पुरे होण्यापूर्वीच घाला पडला. 1916 साली आनंदरावांचे निधन झाले. खांद्याला खांदा लावून काम करणारा सोबती गेला, अर्धवट यंत्र तसेच राहिले. दुसरा एखादा असता, तर त्याने तो नाद सोडून दिला असता. बाबूरावांनी दुःख गिळले आणि भावाचे अपुरे काम हाती घेतले. विष्णुपंत दामले या शिष्याच्या साहाय्याने त्यांनी चिकाटीने प्रयोग चालू ठेवले, आणि 1918 साली कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे कार्य सुरू झाले. तानीबाई कागलकर या गायिकेने कंपनीला पैशाचे साहाय्य केले, तर राजर्षी शाहू महाराजांनीही या उद्योगाला आश्रय दिला.

कॅमेरा तयार झाला, तरी खरी परीक्षा पुढेच होती. चित्रण होई ते सूर्यप्रकाशात. आणि सूर्य कोणाच्या आज्ञेत राहत नाही. ढग आला, की उजेड उतरे. अशा वेळी दांडा हळू फिरवून प्रकाशाला अधिक वेळ द्यावा, तर पडद्यावर माणसे धावत सुटल्यासारखी दिसत. म्हणून वेग कायम ठेवून छिद्राचाच आकार बदलावा लागे. छिद्राच्या मापाचा आकडा 8 वरून 11 वर नेला, की प्रकाश निम्मा होतो. 11 वरून 16 वर नेला, की आणखी निम्मा. यांतील कोणता आकडा धरावा, हे नजरेनेच ठरवायचे. प्रकाश मोजणारी विजेची उपकरणे प्रचारात आली ती 1932 च्या सुमारास! शिवाय त्या काळच्या फिल्मला रंगही सारखे दिसत नसत. निळे आकाश ती जवळजवळ पांढरे दाखवी, तर लाल लुगडे काळे. रंगीत जग काळ्या-पांढऱ्यात कसे उतरेल, हे आधी मनात पाहावे लागे. चित्रकार असलेल्या बाबूरावांना ही दृष्टी होती. प्रसंगांची व वेषभूषेची चित्रे आधी कागदावर काढूनच ते चित्रणास आरंभ करीत.

सैरंध्री हा त्यांचा पहिला चित्रपट 1920 साली पुण्यात प्रदर्शित झाला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. त्या काळी ही मोठी धाडसाची गोष्ट होती. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. 1923 च्या सिंहगड या चित्रपटात त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशात चित्रण केले. पडदे रंगविणाऱ्या या कलावंताने चित्रपटातून मात्र रंगविलेले पडदे दूर सारून भरीव देखावे उभे केले. कारण खऱ्या वस्तूवर खरी सावली पडते, हे त्यांनी ओळखले होते.

1925 सालचा सावकारी पाश हा त्यांचा सर्वांत गाजलेला मूकपट. सावकाराच्या कपटाने जमीन गमावून बसलेल्या शेतकऱ्याची ती करुण कथा होती. शेतकऱ्याची भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. अंधारलेली झोपडी आणि तिच्याजवळ रडणारा कुत्रा, एवढ्याच दृश्यातून त्या कुटुंबाची दुर्दशा प्रेक्षकांच्या अंतःकरणाला भिडली. बर्फाला शुभ्र राखण्यात जे कौशल्य लागते, तेच अंधाराला अंधार राखण्यातही लागते. सर्वत्र लख्ख उजेड केला असता, तर झोपडी स्वच्छ दिसली असती; पण तिचे दुःख दिसले नसते.

पुढे दिवस पालटले. 1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम आदी शिष्यांनी बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. गुरूची कंपनी काही वर्षांतच बंद पडली. बोलपटांचे युग आले. बाबूरावांनी काही बोलपट दिग्दर्शित केले, परंतु नंतर ते पुन्हा चित्रकला आणि शिल्पकला यांकडेच वळले. मात्र त्यांनी दिलेली विद्या वाया गेली नाही. दामले व फत्तेलाल यांचा संत तुकाराम हा चित्रपट 1937 साली व्हेनिस येथील महोत्सवात गौरविला गेला. शिष्यांच्या यशात गुरूच्या शिकवणीचा वाटा होता.

16 जानेवारी 1954 रोजी बाबूरावांचे निधन झाले. लोक त्यांना आदराने कलामहर्षी म्हणतात. त्यांचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले आहेत. आज प्रत्येक घरात कॅमेरा आहे आणि तो बाबूरावांच्या यंत्रापेक्षा कितीतरी हुशार आहे. तरीही नृसिंहवाडीच्या घाटावर चित्र घेताना संगमाचे तेज राखावे, की औदुंबराखाली बसलेल्या वृद्धाचा चेहरा, हा प्रश्न तो सोडवीत नाही. काय दाखवावयाचे, हे आधी ज्याच्या मनात स्पष्ट असते, त्यालाच योग्य आकडा निवडता येतो. साधनांची उणीव असतानाही बाबूरावांना मोठे कार्य करता आले, ते या पाहण्याच्या साधनेमुळेच.