ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांचा संपादक

कंधारच्या किल्ल्याभोवती खंदक आहे. लहानपणी आम्ही पोरे त्याच्या काठाशी उभी राहून पलीकडच्या भिंतीकडे बघत असू. पुढे मी शाळामास्तर झालो. ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे जुने अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तो जाडजूड ग्रंथ एक दिवस हाती आला. ‘मूकनायका’च्या पहिल्याच अग्रलेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला अनेक मजल्यांच्या, पण जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली आहे. ते वाचताना मला आमचा खंदक आठवला.

संध्याकाळी मी ते पान आईला वाचून दाखवले. आईला अक्षरओळख नव्हती. तिने ऐकून घेतले आणि विचारले, हे कुणासाठी लिहिले होते? मी म्हणालो, तुझ्या आईवडिलांसाठी. त्यावर तिचा पुढचा प्रश्न सरळ होता : त्यांना वाचता कुठे येत होते?

बाबासाहेब म्हटले की राज्यघटना, महाडचे तळे, नागपूरची दीक्षाभूमी एवढे आपल्याला चटकन आठवते. संपादक बाबासाहेब मागे राहतात. मला मात्र आईच्या त्या प्रश्नापासून तेच जास्त खुणावत आले आहेत.

३१ जानेवारी १९२० रोजी, शनिवारी, मुंबईत ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. बाबासाहेब तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. नोकरी सरकारी, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. सुरुवातीचे अग्रलेख मात्र बाबासाहेबांचे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, त्यावर हा संसार उभा राहिला. ‘केसरी’ने पैसे देऊ करूनही या पत्राची जाहिरात घेतली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढे नमूद करून ठेवले आहे. अमेरिकेत शिकून आलेला, इंग्रजीत ग्रंथ लिहिणारा हा माणूस मराठीत लिहायला बसला आणि पत्राच्या माथ्यावर त्याने तुकोबांचा अभंग छापला. ज्यांच्यासाठी पत्र काढले त्यांच्या कानाला तुकोबा ठाऊक होते. डोळ्यांनी वाचणारे थोडे असले तरी कानांनी वाचणारे पुष्कळ होते. एकाने वाचायचे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचे. माझ्या आईला मला हे उत्तर द्यायला फार उशीर झाला.

हल्ली प्रत्येक वृत्तपत्र, प्रत्येक वाहिनी आपण समाजासाठी काय करणार याची एक ओळ नावाखाली मिरवते. ती बहुधा स्वतःविषयीच असते : आम्ही निर्भीड, आम्ही निःपक्ष. बाबासाहेबांच्या पत्रांची नावे पाहा. त्यांत पत्राची थोरवी नाही, वाचक कोण आहे ते आहे. आधी तो मुका. मग बहिष्कृत. २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ निघाले, तेव्हा तो सगळ्यांसारखाच जनता झाला. आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याच ‘जनते’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. धर्मांतराला तेव्हा आठ महिने अवकाश होता. (मध्ये १९२८ चे ‘समता’ येते, ते समाज समता संघाचे पत्र.) नाव बदलले की वाचकाची पायरी बदलली. असा जाहीरनामा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हे सारे सुखाने घडले असे मात्र नाही. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब १९२० च्या जुलैत लंडनला गेले, मागे ‘मूकनायक’ ओढाताणीत सापडले आणि १९२३ मध्ये बंद पडले. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या वेळी संपादक म्हणून नाव त्यांचे स्वतःचे, आणि माथ्यावर ज्ञानेश्वरांच्या ओव्या. वकिली, कायदेमंडळ, सभा सांभाळून एकेका अंकाचे वीस-वीस, चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याला भरावे लागत. लिहायला दुसरे कोणी नाही, वर्गणीदार अपुरे, कर्ज वाढते. शेवटी त्यांनी वाचकांसमोरच या कर्जाचा हिशेब मांडला आणि हे ऋण समाजाचे नाही का, असा सवाल केला. ते पान वाचताना मास्तर असूनही माझा आवाज अडखळला. मदत पुरेशी आली नाही. १५ नोव्हेंबर १९२९ नंतर तेही पत्र थांबले. त्यांची विद्वत्ता सगळे सांगतात. वर्षभरात तिसऱ्यांदा पत्र काढायला बसण्याची ही चिकाटी मला त्याहून मोठी वाटते.

आमचे कंधार तेव्हा निजामाच्या राज्यात, दरबारची भाषा उर्दू. मुंबईच्या मराठी पाक्षिकाचे जग इथून फार दूर होते. बाबासाहेब मराठवाड्यात पाय रोवून आले ते १९५० मध्ये, औरंगाबादेत कॉलेज काढून. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. खेड्यापाड्यांतली पहिली शिकणारी पोरे तिथे गेली. ऐकणाऱ्यांची पुढची पिढी वाचू लागली, लिहू लागली, आणि मराठी साहित्याला तिची दखल घ्यावी लागली.

आईने तो ग्रंथ तीन-चार महिने पुरवून ऐकला. कर्जाचा लेख झाला त्या संध्याकाळी तिने कनवटीची पिशवी सोडली, दहाची नोट माझ्या हातावर ठेवली आणि वर्गणी भरून ये म्हणाली. पत्र बंद पडून साठ वर्षे उलटली आहेत, हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना. नोट अजून त्या पानात आहे.