ग्रीक स्वाक्षरीचा चित्रकार

‘एल ग्रेको’ म्हणजे ‘तो ग्रीक माणूस’. परक्या मुलखाने एका परदेशी चित्रकाराला दिलेले हे नाव जगाने स्वीकारले. पण त्यांचे खरे नाव होते दोमेनिकोस थेओतोकोपुलोस.

क्रीट बेटावरील कँडिया, म्हणजे आजचे हेराक्लिऑन, येथे १५४१ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. हे बेट तेव्हा व्हेनिसच्या सत्तेखाली होते. पौर्वात्य मंडळीच्या परंपरेतील पवित्र प्रतिमा रंगवण्याची कला त्यांनी तेथेच आत्मसात केली. १५६७ च्या सुमारास ते व्हेनिसला गेले. टिशियन व टिंटोरेटो यांच्या कृतींपासून रंगांचे सामर्थ्य शिकून १५७० मध्ये ते रोमला पोहोचले. तेथे त्यांचा जम बसला नाही. अखेर १५७७ मध्ये ते स्पेनमधील टोलेडो नगरीत आले आणि मरेपर्यंत तेथेच राहिले.

परदेशातील वाट सोपी नव्हती. वधस्तंभावर खिळण्यापूर्वी प्रभू येशूची वस्त्रे काढून घेतली जात आहेत, असा प्रसंग त्यांनी टोलेडोच्या कॅथेड्रलसाठी रंगवला. गर्दीच्या मधोमध रक्तवर्ण झगा घातलेला प्रभू शांतपणे वर पाहत आहे. परंतु परीक्षकांनी आक्षेप घेतले: लोकांची डोकी प्रभूच्या मस्तकाहून उंच का? शुभवर्तमानातील या प्रसंगात तीन मरियांचा उल्लेख नाही, मग त्या येथे कशा? ९०० डुकाटांची मागणी होती. हाती आले ३५०. चित्र मात्र बदलले गेले नाही. पुढे १५८२ मध्ये राजा दुसरा फिलिप यांच्यासाठी त्यांनी संत मॉरिस यांच्या हौतात्म्याचे चित्र पूर्ण केले. राजाने मोल दिले, परंतु चित्र नियोजित वेदीवर लावले नाही. राजाश्रयाचे दार बंद झाले. त्याच वर्षी धर्मन्यायालयासमोर उभ्या असलेल्या एका ग्रीक तरुणासाठी त्यांनी दुभाष्याचे काम केले, हेही आपण लक्षात ठेवावे.

आता त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती पाहा. टोलेडोच्या सांतो तोमे चर्चमधील ‘काउंट ओर्गाथ यांचे दफन’ हे चित्र १५८६ ते १५८८ या काळातले. खालच्या भागात टोलेडोचे प्रतिष्ठित नागरिक जणू जिवंत उभे आहेत. ही इटलीची शिकवण. वरच्या भागात ख्रिस्तासमोर पवित्र मरिया व बाप्तिस्मा करणारा योहान विनंती करीत आहेत. ही क्रीटच्या प्रतिमांची रचना. एकाच चित्रात दोन्ही मंडळ्यांचा वारसा एकत्र नांदतो. पुढे उभ्या असलेल्या बालकाच्या खिशातील रुमालावर चित्रकाराने ग्रीक अक्षरांत स्वाक्षरी केली आहे. हा बालक त्यांचाच पुत्र, होर्हे मानुएल, असे मानले जाते.

७ एप्रिल १६१४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या उंच, ज्वालेसारख्या आकृती पुढील पिढ्यांना विचित्र वाटल्या. दोन शतकांहून अधिक काळ उपेक्षा झाल्यावर पिकासोसारख्या चित्रकारांनी त्यांची थोरवी ओळखली.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचे घर आज मराठी मुलखापासून दूर आहे. या चित्रकाराने नव्या भूमीकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही आणि आपल्या मातृभाषेची लाजही बाळगली नाही. ज्या लिपीत नवा करार प्रथम लिहिला गेला, त्याच लिपीत ते आयुष्यभर आपले नाव लिहीत राहिले. आपल्या मुलांच्या हाती आपण कोणती अक्षरे देणार आहोत, याचा विचार करण्यास त्यांचे जीवन आपणांस प्रवृत्त करो.