विश्लेषण : पहिला गाजलेला एक्स-रे हाताचाच! राँटजेन कोण होते, आणि सुजलेल्या हातात त्यांचे किरण काय दाखवतात?

मिरकरवाडा बंदरात मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा हातात घुसणे, ही रत्नागिरीत काही बातमी नव्हे. दोन-तीन दिवसांत बोट फुगते, रात्रभर ठणकते, मग एक्स-रे निघतो. हाड ठीक असल्याचा रिपोर्ट आला की माणूस निर्धास्त घरी जातो. घोटाळा इथेच होतो. तो का, हे समजण्यासाठी हे किरण शोधणाऱ्या विल्हेल्म राँटजेन यांच्यापासून सुरुवात करावी लागेल.

कोण होते राँटजेन?

२७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप येथे कापड व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपण नेदरलँड्समध्ये गेले. उट्रेख्टच्या शाळेत कुणीतरी शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. राँटजेन यांनी त्या मुलाचे नाव सांगायला नकार दिला आणि शाळेने त्यांनाच काढून टाकले. शाळेचे प्रमाणपत्र नसतानाही झुरिचच्या पॉलिटेक्निकने त्यांना प्रवेश दिला. १८६८ मध्ये ते तिथून मेकॅनिकल इंजिनीअर झाले. (भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल एका मेकॅनिकलवाल्याला मिळाले, याची आमच्या ब्रँचने नोंद घ्यावी.) पुढे डॉक्टरेट, प्राध्यापकी आणि १८८८ पासून व्युर्त्सबुर्ग विद्यापीठ.

८ नोव्हेंबर १८९५. पन्नाशीचे राँटजेन अंधाऱ्या प्रयोगशाळेत काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या निर्वात नळीतून वीज सोडत होते. नळीतून प्रकाशाचा कणही बाहेर येत नव्हता, तरी जवळचा रसायन लावलेला पडदा चमकू लागला. मध्ये हात धरला तर पडद्यावर हाडांची सावली! पुढचे काही आठवडे त्यांनी कुणाला फारसे काही सांगितले नाही. २२ डिसेंबरला पत्नी अ‍ॅना बर्था यांचा हात फोटोच्या काचेवर ठेवून किरण सोडले. हाडे उमटली, बोटातली अंगठीही उमटली. २८ डिसेंबरला त्यांनी निबंध सादर केला आणि काही आठवड्यांत तो जगभर पोहोचला. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत वायव्य सरहद्दीवर लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या एक्स-रेने शोधत होते.

इतक्या लवकर हे तंत्र पसरले, याचे एक कारण म्हणजे राँटजेन यांनी पेटंट घेतले नाही. १९०१ च्या नोबेलची रक्कमही विद्यापीठाला देऊन टाकली. १९१९ मध्ये बर्था गेल्या. युद्धानंतरच्या महागाईत त्यांची बचत आटली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

मग रिपोर्ट नॉर्मल कसा?

बर्था यांच्या हाताच्या फोटोतच उत्तर आहे. हाडे आणि अंगठी स्पष्ट, मांस मात्र पुसट सावलीसारखे. कॅल्शियम आणि धातू हे किरण अडवतात. पू, सूज आणि निरोगी मांस ते जवळपास सारखेच अडवतात, म्हणून पू वेगळा ओळखू येत नाही. हाडाला संसर्ग झाला तरी त्यातले ३० ते ५० टक्के खनिज झिजेपर्यंत साध्या एक्स-रेवर ते दिसत नाही. त्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात. म्हणजे तिसऱ्या दिवशीचा नॉर्मल एक्स-रे हाडात संसर्ग नसल्याची खात्री देत नाही.

तरीही तो काढतात, आणि ते योग्यच आहे. रुतलेले गळाचे टोक, बहुतेक वेळा माशाचा कडक काटा, मोडलेले हाड, क्वचित मांसात साठलेला वायू त्यात दिसतो. करवंदीचा काटा मात्र सहसा दिसत नाही. तो सोनोग्राफीत सापडू शकतो. पूचा साठा आणि बोट वाकवणाऱ्या स्नायुबंधाच्या आवरणात साचलेले पाणीही सोनोग्राफीच दाखवते. हाडातला संसर्ग पहिल्या काही दिवसांत पकडायचा तर एमआरआय लागतो. मधुमेह्यांना तर वेदनाच कमी जाणवू शकतात, त्यामुळे त्यांच्याबाबत डॉक्टर तपासणी लवकर सांगतात.

एक स्थिती मात्र फोटोसाठी थांबण्याची नाही. बोट सगळीकडून सुजले आहे, अर्धवट वाकून राहिले आहे, तळव्याकडून दाबले तर दुखते आणि सरळ करताना कळ सहन होत नाही, तर स्नायुबंधाच्या आवरणात पू झाल्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सोबत ताप असेल किंवा दंडाकडे लाल रेघ चढत असेल तर रात्र असली तरी निघावे, आणि काटा कशाचा होता, कधी लागला, हे तिथे आधी सांगावे.