टिळकचरित्राचे संस्कृत पुनर्वाचन : लोकनायक बापूजी अणे

एकाच महाकाव्याची दोन भाषांतरे वाचणाऱ्यास दोन निराळी काव्ये वाचल्याचा प्रत्यय येतो. पोपच्या यमकबद्ध इंग्रजीतील (१७१५-१७२०) ‘इलियड’ आणि रियूच्या गद्यातील (१९५०) ‘इलियड’ यांत कथा एकच असली, तरी अकिलीसचा क्रोध एकच राहत नाही. आपल्याकडे असे पुनर्वाचन एका चरित्राच्या बाबतीत घडले आणि ते यवतमाळच्या एका वकिलाने घडविले.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातील शिक्षण, अमरावतीस काही वर्षे शिक्षकी आणि त्यानंतर यवतमाळला वकिली, असा त्यांचा आरंभीचा क्रम. लोकमान्यांच्या राजकारणाशी त्यांची निष्ठा याच काळात जडली आणि ती अखेरपर्यंत टिकली. वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी १९२१ ते १९३० या काळात सांभाळले. टिळकांच्या पश्चात केळकर, जयकर, मुंजे यांच्या प्रतियोगी सहकारितेच्या पक्षात ते होते. परंतु जुलै १९३० मध्ये पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून तुरुंगात जाणारेही तेच होते. त्यांना केवळ गांधीविरोधक ठरविणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. १९४१ साली त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर ती सोडली. पुढे सिलोनमधील भारताचे प्रतिनिधी, घटना समितीचे सदस्य, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल, १९५९ पासून नागपूरचे लोकसभा सदस्य ही पदे आली. त्यांचा तपशील राजकीय इतिहासात मिळतो. येथे त्याची गरज नाही.

मराठीच्या अभ्यासकाला महत्त्वाचे आहे ते त्यांच्या उत्तरायुष्यातील ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे संस्कृत काव्य. श्लोकसंख्या सुमारे १२,०००, म्हणजे वाल्मीकि रामायणाच्या निम्मी. ‘इलियड’च्या ओळी सुमारे १५,७०० आहेत, श्लोकाच्या दोन ओळी धरल्या तर अण्यांची रचना त्याहून मोठी भरते. आकार हा अर्थातच गुणवत्तेचा पुरावा नव्हे.

टिळकांचे चरित्र मराठी वाचकाला अपरिचित नव्हते. न. चिं. केळकरांचे तीन खंड १९२३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले होते. मग हीच कथा संस्कृतात, तीही इतक्या विस्ताराने, सांगण्याचे प्रयोजन कोणते? केळकरांच्या गद्यात खटला हा खटला राहतो. जामीन, ज्यूरी, ठराव हे शब्द व्यवहारातून जसेच्या तसे येतात. संस्कृत श्लोकात या प्रत्येक गोष्टीला प्रतिशब्द शोधावा लागतो, आणि प्रतिशब्द आला की त्यासोबत जुन्या चरितकाव्यांचे संस्कारही येतात. संपादक नायक होतो, तुरुंग वनवासाजवळ जातो. केळकरांचा चरित्रकार प्रसंगी आपल्या चरित्रनायकाशी वाद घालू शकतो. महाकाव्याच्या कवीला ही मोकळीक फारशी नसते. ज्याने स्वतः प्रत्येक वळणावर मतभेदांचे राजकारण केले, त्याने वादाला कमीत कमी वाव देणारा वाङ्मयप्रकार निवडावा, हे विचार करण्याजोगे आहे. आमच्या मते अण्यांना टिळकांचे मूल्यमापन करावयाचे नव्हते, त्यांना टिळकांची कथा प्रादेशिकतेतून सोडवावयाची होती. बिहार, मद्रास वा काशीच्या पंडिताला केळकर वाचता येत नाहीत, संस्कृत येते. मात्र ही व्याप्ती मिळवताना टिळकांचा ‘केसरी’ वाचणारा शेतकरी आणि दुकानदार वाचक हातचा गेला. ही किंमत लहान नाही.

होमरने ट्रॉयच्या दहा वर्षांपैकी थोडेच दिवस निवडले आणि नायकाचा मृत्यूही काव्याबाहेर ठेवला. अण्यांनी संपूर्ण आयुष्य घेतले. निवडीचा हा अभाव काव्य म्हणून दोष ठरेल. चरित्रसाधन म्हणून मात्र तोच उपयोगी पडतो.

२६ जानेवारी १९६८ रोजी अण्यांचे निधन झाले. १९७३ साली या काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. त्याच वर्षी यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, ज्यांनी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी वाल्मीकींची कथा छप्पन्न मराठी गीतांत आणून घराघरांत पोहोचविली होती. एकाने संस्कृत महाकाव्य मराठीत उतरविले, दुसऱ्याने मराठी माणसाचे आयुष्य संस्कृत काव्यात चढविले.