लहुजी वस्ताद साळवे : तालमीतून शाळेकडे

मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणा सर्वांना तटबंदी, बुरूज आणि पहारा हे शब्द परके नाहीत. १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग आपल्या डोळ्यांसमोर उभा आहे. किल्ला बांधणाऱ्या राजाचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण किल्ल्यांच्या माच्यांवर, मेटांवर आणि पायथ्याच्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या जागता पहारा देणाऱ्यांची नावे इतिहासाच्या पानांत क्वचितच सापडतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने अशाच एका घराण्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवलेल्या गुरूचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते गुरू म्हणजे लहुजी राघोजी साळवे, अर्थात लहुजी वस्ताद.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी एका मांग कुटुंबात झाला. गडाच्या संरक्षणाचे काम साळवे घराण्याकडे परंपरेने चालत आले होते. वडील राघोजी हे शस्त्रविद्येत निष्णात होते आणि लहुजींचे पहिले गुरूही तेच. दांडपट्टा, तलवार, भाला, घोडदौड, नेमबाजी या विद्या त्या काळी कोणत्याही पुस्तकात लिहिलेल्या नव्हत्या. बापाच्या मनगटातून त्या मुलाच्या मनगटात उतरत. लिहिण्यावाचण्याचा अधिकार ज्या समाजाला नाकारला गेला होता, त्याच्यापाशी ज्ञान नव्हते असे मात्र नाही. ते त्याच्या देहात साठवलेले होते.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. या लढाईत राघोजींना वीरमरण आले, असे परंपरा सांगते. त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. तेव्हा लहुजी तेवीस वर्षांचे होते. पित्याच्या मृत्यूनंतर त्यांनी संसार न मांडता इंग्रजी सत्तेविरुद्ध माणसे घडवण्याचा निश्चय केला आणि पुण्यात तालीम उभी केली.

ही घटना किती विलक्षण होती, हे समजण्यासाठी त्या वेळचे पुणे डोळ्यांपुढे आणले पाहिजे. साळवे घराण्यातीलच मुक्ता हिने पुढे १८५५ साली ज्ञानोदय या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी जो निबंध लिहिला, त्यात पेशवाईतील एक भयंकर आठवण नोंदवली आहे. तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार नुसता चालत गेला, तरी गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या मस्तकाचा चेंडू होई, असे ती लिहिते. ज्या शहरात मांगाने तालमीच्या दारावरून जाणे हा प्राणघातक अपराध होता, त्याच शहरात काही वर्षांनी एका मांगाने स्वतःची तालीम उघडली आणि निरनिराळ्या जातींचे तरुण तेथे शिकायला येऊ लागले. या एका गोष्टीतच लहुजींच्या कार्याचे मर्म आहे, असे आम्हांस वाटते.

तालीम म्हणजे केवळ बलसंवर्धनाचे ठिकाण नव्हे. तेथे शिकवण्याची एक शिस्तबद्ध पद्धत असते. पहाटे आखाड्याची माती खणून मऊ करायची, मग जोर, बैठका, मुद्गल, आणि अंग तयार झाल्यावरच पवित्रे. शस्त्र हाती येते ते त्यानंतर, आणि तेही प्रथम लाठी किंवा फरीगदगा, म्हणजे चामड्याने मढवलेली काठी व लहान ढाल. पाते सर्वांत शेवटी मिळते. दांडपट्ट्याचे शिक्षण तर विशेष कठीण. त्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबळ्यात बंद असते, त्यामुळे मनगट वळत नाही. वार खांद्यातून, कमरेतून आणि पावलांतून काढावा लागतो. लवचीक पाते चुकले तर शत्रूआधी स्वतःलाच जखम होते. जमिनीवर ठेवलेले लिंबू पट्ट्याने अचूक चिरणारा खेळाडू आजही टाळ्या मिळवतो. त्या एका वारामागे वर्षानुवर्षांचा संयम असतो.

तालमीत आणखी एक गोष्ट घडते, जी त्या काळात अन्यत्र घडणे अशक्य होते. डाव शिकवायचा तर वस्तादाला शिष्याचा खांदा धरावा लागतो, पाऊल हाताने सरकवावे लागते, कंबर वळवून दाखवावी लागते. जोडीदाराच्या अंगाला भिडल्याशिवाय कुस्ती होत नाही. विटाळ मानणाऱ्याला तालमीत काहीच शिकता येत नाही. म्हणून लहुजींच्या आखाड्यात येणाऱ्या प्रत्येक सवर्ण तरुणाला दारातच एक निर्णय करावा लागे : विद्या हवी की सोवळे. ज्यांना विद्या हवी होती, त्यांनी मांग गुरूपुढे मस्तक नमवले.

अशा शिष्यांत जोतीराव फुले होते. १८४७ च्या सुमारास, इंग्रजी शिक्षण पुरे होत असताना, इंग्रजांचे राज्य उलथून टाकावे या तारुण्यसुलभ ऊर्मीने त्यांनी लहुजींकडे दांडपट्टा आणि निशाण मारण्याचे शिक्षण घेतले. पुढे सशस्त्र बंड उभारणारे वासुदेव बळवंत फडके हेही लहुजींचेच शिष्य मानले जातात. एकाच गुरूच्या या दोन शिष्यांनी दोन भिन्न वाटा धरल्या. फडक्यांनी १८७९ साली शस्त्र उचलले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात देह ठेवला. जोतीरावांनी मात्र त्याआधीच ओळखले होते, की ज्या समाजात माणूस माणसाला शिवत नाही, तो समाज केवळ शस्त्राने स्वतंत्र होणार नाही. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि त्यानंतर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा सुरू केल्या.

येथे लहुजींच्या चरित्रातील सर्वांत मोठा क्षण येतो. त्यांनी आयुष्यभर जी विद्या शिकवली होती, ती शिष्याने बाजूला ठेवून पाटी-लेखणी हाती घेतली होती. एखादा गुरू रुष्ट झाला असता. लहुजी शिष्याच्या पाठीशी उभे राहिले. जोतीरावांच्या शाळांसाठी लहुजी आणि राणबा महार यांनी आपापल्या वस्त्यांत फिरून आईबापांना शिक्षणाचे महत्त्व पटवले आणि मुले शाळेत आणली. शाळेत जाणाऱ्यांवर दगड आणि शेण पडण्याचे ते दिवस होते. अशा वेळी साऱ्या पुण्याला ठाऊक असलेला एक वस्ताद त्या मुलांच्या बाजूने उभा आहे, ही गोष्ट भेदरलेल्या पालकांना केवढा धीर देणारी असेल! ज्या मनगटाने पट्टा फिरवला, त्याच मनगटाने मुलांचे बोट धरले. मुक्ता साळवे सावित्रीबाईंच्या हाताखाली शिकली आणि तिने आपल्या समाजाचे दुःख स्वतःच्या अक्षरांत मांडले. लहुजींच्या आखाड्यातून बाहेर पडलेला हा सर्वांत धारदार वार होता, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले आणि जुन्या युद्धकला हळूहळू खेळाच्या व मिरवणुकीच्या रूपात उरल्या. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी लहुजींचे निधन झाले. पुण्यात संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे.

शस्त्राकडून अक्षराकडे जाण्याची ही वाट आपल्या कोकणानेही चालून पाहिली आहे. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीस राहून अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवू लागले. मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ हे तर लष्करी शाळेतले शिक्षक. त्यांच्या घरी वाढलेल्या सुपुत्राने भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले आणि १९५६ साली आपणांस धम्माची वाट दाखवली.

लहुजी बौद्ध नव्हते. त्यांचा काळ निराळा होता. तरीही निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे स्थान आम्हांस उचित वाटते. धम्मात शील, समाधी आणि प्रज्ञा यांना सिक्खा म्हटले आहे, म्हणजे रोजच्या सरावाने अंगी बाणवायच्या गोष्टी. पहाटे उठणे, आपली जागा आपण झाडणे, जोडीदाराला इजा न करता त्याच्याशी झुंजणे, हरल्यावर हात मिळवणे, हे सारे चांगल्या तालमीत शिकवले जाते आणि चांगल्या वसतिगृहातही. आमच्या मुलामुलींनी लाठी आणि कराटे जरूर शिकावे. मात्र ज्याच्या अंगी बळ आहे, त्याच्यावर दुर्बलाला शाळेच्या दारापर्यंत सुखरूप पोहोचवण्याची जबाबदारी असते, हेही त्यांनी वस्तादांकडून शिकावे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज पोलीस दलात असेल, कोणी सैन्यात, कोणी वर्गात फळ्यापुढे उभे असेल. आपल्या गावात, आपल्या वाडीत एखादे मूल अजूनही शाळेबाहेर असेल, तर त्याच्या घरी जाऊन आईबापांशी बोलण्याचे लहुजींचे काम आता आपल्याकडे आले आहे. आद्य क्रांतिगुरू लहुजी वस्ताद साळवे यांच्या पावन स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.